लॅपटॉप सुरू होताना डीव्हीडी ड्राइव्ह सापडत नाही, एफ१ दाबा म्हणतो (कानबाईच्या सणाच्या आत सोडवायचंय)

गिरणाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी भडगावकडचा, नोकरीला पुण्यात. घरचा एक जुना लॅपटॉप आहे, २०१२ चा, विंडोज ७ वाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्याच भांडणात जाईल.

गेल्या आठवड्यात तो पुण्याहून गावी आणला. एसटीत एकदम मागची सीट मिळाली, बॅग पायाशी, आणि चाळीसगाव सोडल्यावर जे हादरे बसले ते माझ्या मणक्यांना अजून आठवतात. घरी येऊन चालू केला तर काळ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथंच थांबला. मोजलं, ४५ सेकंद. मग इंग्रजीत एक ओळ आली: दुसऱ्या साटा पोर्टवरचा (बोर्डावर डिस्क, ड्राइव्ह जोडायची जागा) ऑप्टिकल, म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह सापडला नाही, पुढे जायला एफ१ दाबा. एफ१ दाबलं की विंडोज नीट सुरू होतं, पण 'कॉम्प्युटर' उघडलं तर डीव्हीडीचं चिन्हच गायब.

एका दुकानात दाखवला. त्यांनी न उघडता, चालूसुद्धा न करता सांगितलं, मदरबोर्ड गेला, साडेसहा हजार.

आता ड्राइव्ह हवाय कशाला? आजीची सीडी आहे. २००७ साली आतेभावाने आजीला जळगावला नेऊन एका स्टुडिओत कानबाईची गाणी म्हणायला लावली होती. अकरा गाणी, सगळी अहिराणीत. आजी आता नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, यंदा भाऊबंदांचे रोट (तिचा नैवेद्य) आमच्याकडे आहेत आणि आत्या म्हणते, आईची गाणी लावा. सीडी एकच आहे आणि आमच्या गल्लीत आता कुणाकडे सीडी वाजवायचं काही उरलेलं नाही. हातात तेरा दिवस.

चोपडा_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९:५८

भाऊ, यूएसबीला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो, दीड-दोन हजारात. घे आणि मोकळा हो. २०१२ च्या डब्यावर किती जीव लावशील?

गिरणाकाठ | सोमवार, रात्री १०:०५

तो मार्ग आहेच. पण मदरबोर्डचं ऐकून धास्ती बसली. आबांचे शेतीचे आठ वर्षांचे हिशोब यात आहेत.

जंक्शनवाला | सोमवार, रात्री ११:१२

हिशोब आज रात्रीच पेन ड्राइव्हवर घ्या, बाकीचं नंतर.

दुकानदाराचं सोडा. बोर्ड गेला असता तर एफ१ दाबून विंडोज आलं नसतं. बोर्डावरचा तेवढा एकच पोर्ट मरू शकतो, मी पाहिलंय, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

लॅपटॉप चालू केला की विंडोजच्या आधी बायोस, म्हणजे बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम, उठतो. तो एकेका पोर्टवर हाक मारतो, कोण आहे? हार्डडिस्क किंवा एसएसडी चटकन ओ देते. डीव्हीडीवाला जात्याच आळशी. मोटर फिरवणार, आत तबकडी आहे का बघणार, मग उत्तर देणार. म्हणून बायोस त्याच्यासाठी जास्त थांबतो. ओ आलीच नाही तर ठरलेला वेळ संपेपर्यंत ताटकळतो आणि मग ती तुमची ओळ टाकतो. तुमचे ४५ सेकंद तिथं जातायत. काही बायोस अशा वेळी मुकाट पुढे जातात, तुमचा बोलका आहे, हे बरंच आहे.

तक्रार विंडोजच्या आधी येते, हे धरून ठेवा. म्हणजे ड्रायव्हर, रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगची वही), व्हायरस, विंडोज परत टाकणं, यातलं काहीही तुमच्या कामाचं नाही. कुणी सुचवलं तरी करू नका.

तीन गोष्टी बघून सांगा. चालू करताना ड्राइव्हच्या तोंडावरचा बारका दिवा क्षणभर तरी लागतो का? बटण दाबल्यावर ट्रे उघडतो का? आणि एफ२ ने (किंवा तुमच्या कंपनीचं जे बटण असेल त्याने) बायोसमध्ये जाऊन साटाच्या यादीत ड्राइव्हचं नाव दिसतं का?

ट्रेचं मुद्दाम विचारतोय. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हचं बटण पूर्ण विजेवर चालतं. दाबलं की आतलं इवलंसं विद्युतचुंबक खिटी सोडतं आणि ट्रे स्प्रिंगने बोटभर पुढे येतो. वीज पोचत नसेल तर तो ढिम्म हलणार नाही. म्हणजे एकही स्क्रू न काढता कळतं की गडबड विजेची आहे की माहितीच्या तारेची.

यावलकर_०७ | सोमवार, रात्री ११:३०

एवढं काही नाही भो. बायोसमध्ये जाऊन लोड डिफॉल्ट मारायचं (मूळ सेटिंग परत आणायची), सेव्ह करून बाहेर यायचं. माझ्याकडे दोनदा चाललंय.

गिरणाकाठ | मंगळवार, सकाळी ७:२०

हिशोब पेन ड्राइव्हवर घेतले. मग यावलकरांचं ऐकलं आणि आता विंडोजच येत नाही!! निळा पडदा येतो, पटकन जातो, परत पहिल्यापासून. मोबाइलवर फोटो काढून पाहिलं तर खाली शून्यांची रांग आणि शेवटी ७बी. आबांना अजून सांगितलेलं नाही. ते मळ्यात गेलेत, अकरापर्यंत येतील.

जंक्शनवाला | मंगळवार, सकाळी ७:५१

अकराच्या आत होईल. काही बिघडलेलं नाही.

तुमचं विंडोज ७ टाकताना साटाची, म्हणजे डिस्कशी बोलायची, पद्धत जुनी 'आयडीई' होती. डिफॉल्ट मारल्यावर बायोसने ती नवी 'एएचसीआय' केली. विंडोज ७ ला हा बदल आधी न सांगता केला की त्याला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही, आणि ७बीचा निळा पडदा येतो. बायोसमध्ये जा, साटा मोड किंवा साटा ऑपरेशन नावाची ओळ शोधा, परत आयडीई करा, एफ१० ने सेव्ह करा.

यावलकर, तुमचा सल्ला चुकीचा नाही, पण त्याआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायला सांगत जा. मी स्वतः एकदा एका बाईंच्या लॅपटॉपवर हेच करून त्यांच्या घरी दोन तास बसलो होतो. तीनदा चहा झाला.

गिरणाकाठ | मंगळवार, सकाळी ८:१५

आला!! विंडोज आलं. आबांना काहीच कळलेलं नाही. देव तुमचं भलं करो.

एफ१ची तक्रार मात्र जशीच्या तशी. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं: दिवा लागत नाही, ट्रे उघडत नाही, बायोसच्या यादीत पहिल्या पोर्टवर एसएसडीचं नाव आहे आणि दुसऱ्यापुढे 'नन' लिहिलंय.

यावलकर_०७ | मंगळवार, सकाळी ९:०२

सॉरी भाऊ. खरंच दोनदा चाललं होतं.

पांझराकाठ | मंगळवार, दुपारी १:१०

भाऊ, मन्हा लॅपटॉपनं बी असंच व्हयेल व्हतं, पन मन्हं दुखनं येगळं से. पुढचं मराठीत लिहिते, नाहीतर पुण्यातल्या मंडळींचा गोंधळ व्हायचा.

माझ्याकडे विंडोज १० आहे. चालू होताना काहीच तक्रार नाही. बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव झोकात दिसतं, ट्रे उघडतो, दिवा लागतो. पण विंडोजमध्ये ड्राइव्ह नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आणि कोड १९. जंक्शनवाला म्हणतात रजिस्ट्रीला हात लावू नका, मग मी काय करू?

जंक्शनवाला | मंगळवार, दुपारी २:४५

ताई, तुम्ही रजिस्ट्रीलाच हात लावायचा. तुमच्याकडे बायोसला ड्राइव्ह सापडतो, म्हणजे तार, वीज, पोर्ट सगळं धड. अडलंय विंडोजच्या दारात. सीडी लिहिणारं एखादं जुनं सॉफ्टवेअर टाकलं किंवा अर्धवट काढलं की हे होतं. ते सॉफ्टवेअर ड्राइव्ह आणि विंडोजच्या मध्ये आपला एक पहारेकरी बसवतं. सॉफ्टवेअर निघून जातं, पण पहारेकऱ्याचं नाव यादीत राहतं. मग विंडोज त्याची वाट बघत ड्राइव्हलाही आत घेत नाही.

रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचा विंडोजचा प्रोग्रॅम) उघडा. एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास. त्यात लांबलचक आकड्यांच्या महिरपी कंसांच्या नोंदी दिसतील, त्यातली ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी हवी. उजवीकडे 'डीव्हीडी सीडी-रॉम' असं लिहिलेलं दिसलं तरच पुढे जा, शेजारच्या नोंदी हुबेहूब तशाच दिसतात. आधी तेवढी नोंद एक्स्पोर्ट करून ठेवा. मग 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' नावाच्या ओळी असतील तर त्या काढा. दोन्ही असतीलच असं नाही. मशीन बंद करून चालू करा.

पांझराकाठ | मंगळवार, दुपारी ३:२०

फक्त अपरफिल्टर्स होतं. काढलं. ड्राइव्ह आला. कालपर्यंत मी तो बिचारा फेकायला निघाले होते. गिरणाकाठभाऊ, तुमच्या धाग्यात माझं काम झालं, आता तुमचं होऊ दे.

गिरणाकाठ | मंगळवार, रात्री ८:३०

अभिनंदन ताई, मला जरा जळल्यासारखं झालं.

नवीन माहिती. ट्रेच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घालून ट्रे उघडला. आत ताईच्या लग्नाची डीव्हीडी निघाली, २०११ ची! घरात चार वर्षं शोधाशोध चालली होती, जावयांनी परत दिली नाही असं आईचं पक्कं मत झालं होतं.

दुसरं जरा विचित्र. चालू करताना ड्राइव्हचं तोंड अंगठ्याने आत दाबून धरलं तर एकदा हिरवा दिवा लुकलुकला. एकदाच. परत केलं तर नाही.

जंक्शनवाला | मंगळवार, रात्री ९:१४

आता बोललात कामाचं! हे तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये असतं तर माझं एवढं टायपिंग वाचलं असतं.

ड्राइव्ह जागेवरून सरकलाय. पातळ ड्राइव्हच्या मागे तेरा पिनांचा साटा जोड असतो, सात माहितीच्या, सहा विजेच्या, आणि वीज फक्त ५ व्होल्टची. ड्राइव्ह खोबणीतून आत सरकवला की तो बोर्डावरच्या जोडात जाऊन बसतो. अख्खा ड्राइव्ह बहुतेक मॉडेलांत एकाच स्क्रूवर असतो. तो ढिला झाला किंवा नसलाच की हादऱ्यांनी ड्राइव्ह दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतो. बाहेरून बघून कळत नाही, पण पिना सुटलेल्या असतात.

एक सांगा, हा लॅपटॉप आधी कुणी उघडला होता का?

गिरणाकाठ | मंगळवार, रात्री ९:२०

हो! मागच्या वर्षी पुण्यात एकाकडून हार्डडिस्क काढून एसएसडी टाकून घेतली होती.

जंक्शनवाला | मंगळवार, रात्री ९:२६

वाटलंच. बऱ्याच मॉडेलांत वरचं कव्हर निघायला आधी ड्राइव्ह काढावा लागतो. परत लावताना एक स्क्रू टेबलावर उरतो आणि कुणी बघत नाही.

उद्या उजेडात करा. आधी अ‍ॅडॉप्टर काढा, मग बॅटरी काढा, मग चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाईल. एवढ्यानेसुद्धा कधी कधी रुसलेला ड्राइव्ह सापडतो, पण तुमच्याकडे ते होईलसं वाटत नाही. मग लॅपटॉप पालथा करा. एका स्क्रूशेजारी तबकडीचं बारकं चित्र कोरलेलं असेल, तोच ड्राइव्हचा. तो काढून ड्राइव्ह सरळ बाहेर ओढा, तिरका नको. जोडाचा फोटो टाका.

एरंडोल_ते_अमळनेर | मंगळवार, रात्री १०:४०

मध्येच विचारतो, माझं थोडं वेगळं आहे. ड्राइव्ह सापडतो, पण विंडोज ७ ची डीव्हीडी टाकून बूट करायला गेलो की सरळ जुनं विंडोजच सुरू होतं. एफ१२ च्या यादीत (कशावरून सुरू करायचं ते निवडायची) डीव्हीडी दिसतच नाही. लॅपटॉप २०१७ चा.

जंक्शनवाला | मंगळवार, रात्री १०:५५

बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, लेगसी किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) चालू करा, मग दिसेल. आणि डीव्हीडीवरून बूट होताना 'कोणतंही बटण दाबा' अशी ओळ चार-पाच सेकंद येते. ती बघत बसलात तर गेली. हात कीबोर्डवर ठेवा. काम झालं की दोन्ही सेटिंग परत होती तशी करा, नाहीतर जुनं विंडोज रुसेल.

एफ१२ सगळीकडे चालत नाही हेही लिहून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसला एस्केप. एसरला एफ१२ आहे, पण बऱ्याच मॉडेलांत आधी बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं.

गिरणाकाठ | बुधवार, सकाळी ११:३५

मंडळी, उघडला. तबकडीच्या चित्राशेजारी स्क्रूच नाही. नुसतं रिकामं भोक. ड्राइव्ह हाताने ओढल्यावर लोण्यासारखा बाहेर आला.

फोटो नीट बघा. जोडाच्या खाचेत पांढरं दिसतंय ते पुठ्ठ्याचं नाही, कापूस आहे! मागच्या हिवाळ्यात भाव येईल म्हणून आबांनी कापूस घरातच भरून ठेवला होता, माझ्या खोलीत खिडकीच्या वरपर्यंत. लॅपटॉप तेव्हा गावी त्याच खोलीत टेबलावर होता. ड्राइव्ह थोडा बाहेर आलेला, त्या फटीतून तूस आत जात राहिली असणार. भाव काही आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाचोरा_टक्स | बुधवार, दुपारी १२:०५

कापसाच्या भावावर कोड कुठला येतो? ७बीच असणार.

जंक्शनवाला | बुधवार, दुपारी १२:२०

तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मऊ कोरड्या ब्रशने, लहान मुलांचा रंगकामाचा असतो तसा, खाचेच्या लांबीच्या दिशेने झाडा. पिनांवरून आडवा फिरवू नका. बोर्डाकडच्या जोडातही टॉर्च मारून बघा. वाकलेली पिन दिसली तर थांबा आणि फोटो टाका.

ड्राइव्हच्या मागे एल आकाराची बारकी लोखंडी पट्टी आहे ना, स्क्रू तिच्यातच बसतो. ती ढिली असेल तर आवळा. मग ड्राइव्ह सरळ आत, शेवटी किंचित अडल्यासारखं वाटेल, तिथून अंगठ्याने दाबा. 'टक' असं जाणवलं पाहिजे.

गिरणाकाठ | बुधवार, संध्याकाळी ६:५०

टक झालं!

चालू केला, चिन्ह आलं आणि गेलं, थांबलाच नाही. हिरवा दिवा लागला, आत मोटर कुरकुरली. बायोसमध्ये 'नन'च्या जागी ड्राइव्हचं नाव.

स्क्रूची गंमत. मोबाइलवाल्याकडे मिळाला नाही. शेवटी चष्म्याच्या दुकानातल्या काकांनी डबी उपडी केली आणि दहा-बारा स्क्रू लावून बघितल्यावर एक बसला. पैसे घेतले नाहीत, वर आजीची चौकशी केली. तेही कानबाईवालेच निघाले.

जंक्शनवाला | बुधवार, संध्याकाळी ७:०५

छान. स्क्रू लांबीला जास्त नाही ना? या जागी साधारण २ मिलिमीटर जाडीचा, ३-४ मिलिमीटर लांबीचा बसतो. लांब स्क्रू आत बोर्डाला टेकला तर साडेसहा हजारवाला खरा ठरेल.

गिरणाकाठ | बुधवार, रात्री ९:३०

लांबी बरोबर आहे, मोजली. पण आनंद अर्धाच. ताईच्या लग्नाची डीव्हीडी झकास चालते, घरातल्यांनी जेवण सोडून पूर्ण बघितली. आजीची सीडी टाकली की मोटर तीन-चारदा जोर लावते आणि मग 'डिस्क टाका' म्हणते. दुसरी एक गाण्यांची सीडी टाकली, तिचंही तेच. म्हणजे सीडी खराब की ड्राइव्ह?

पाचोरा_टक्स | बुधवार, रात्री ९:५५

डीव्हीडी वाचतो आणि कुठलीच सीडी वाचत नाही, म्हणजे संशय ड्राइव्हवर. सीडी वाचणारा लेझर वेगळा असतो, ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. दोन्ही एकाच भिंगातून बाहेर पडतात, पण एक थकला तरी दुसरा धडधाकट असू शकतो. किंवा नुसतं भिंग मळलेलं असेल. तुमच्या खोलीत वर्षभर कापूस होता, मी तर भिंगावरच पैज लावीन.

ट्रे उघडा. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये भिंग ट्रेवरच असतं, मसुराच्या डाळीएवढं निळसर दिसेल. मशीन पूर्ण बंद, बॅटरी बाहेर, चालू लेझरकडे बघायचं नाही. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, नुसती ओलसर हवी, गळती नको. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, प्लास्टिकचं भिंग कायमचं पांढुरकं होईल. भिंग केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असतं, म्हणून दाब न देता मधून बाहेर हलकेच एक-दोन फेरे. मग दहा मिनिटं वाळू द्या.

चोपडा_एक्सप्रेस | बुधवार, रात्री १०:१०

मी सोमवारीच सांगितलं होतं, बाहेरचा घ्या.

पाचोरा_टक्स | बुधवार, रात्री १०:१४

घेतलाच असता तरी आजीची सीडी त्यातही कदाचित अडली असती. सीडीच्या वरच्या बाजूला काय आहे? कागद चिकटवलाय का?

गिरणाकाठ | बुधवार, रात्री १०:२०

हो. स्टुडिओवाल्याने कानबाईचा रंगीत फोटो छापून चिकटवलाय. एका कडेला सुटलाय, हवेचा फुगा आलाय. काढून टाकू का?

पाचोरा_टक्स | बुधवार, रात्री १०:२१

नको!!! हात लावू नका त्याला.

सीडीत माहिती चमकणाऱ्या बाजूला खोल आहे असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. माहितीचा थर वरच्या बाजूला, छापील बाजूच्या अगदी खाली, त्यावर फक्त वार्निशचा पातळ लेप. स्टिकर ओढला तर त्याच्यासोबत थर निघून येतो आणि हातात पारदर्शक प्लास्टिक उरतं. खालच्या ओरखड्याचं एक वेळ काही करता येतं, वरच्याचं काहीच नाही. फुगा नुसता बोटाने हलकेच दाबून सपाट करा.

आणि स्टिकरमुळे सीडीचं वजन एका बाजूला जातं, जोरात फिरली की थरथरते. सॉफ्टवेअरमधून वेग कमी करा, ४ किंवा ८.

गिरणाकाठ | गुरुवार, दुपारी २:१०

अल्कोहोल औषधाच्या दुकानात मिळालं. कानकाडी काळी झाली, मला लाज वाटली. आता सीडी दिसते! अकरा फाइली. सगळ्या कॉपी करून पेन ड्राइव्हवर टाकल्या. हुश्श.

जंक्शनवाला | गुरुवार, दुपारी २:१८

थांबा. फाइलींचा आकार किती दिसतो?

गिरणाकाठ | गुरुवार, दुपारी २:२५

प्रत्येकी १ केबी. का?

जंक्शनवाला | गुरुवार, दुपारी २:३१

मग तुम्ही काहीच कॉपी केलेलं नाही. त्या सीडीए फाइली नुसते बोर्ड आहेत, 'अमुक गाणं सीडीवर इथून सुरू होतं' एवढंच सांगणारे, प्रत्येकी ४४ बाइटचे. कानबाईच्या दिवशी पेन ड्राइव्ह स्पीकरला लावून बसला असता आणि भाऊबंदांनी वर्षभर पुरेल एवढी चेष्टा केली असती.

गाण्यांच्या सीडीतून गाणी 'रिप' करावी लागतात. मिनिटाला साधारण १० एमबी निघाले पाहिजेत. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सिक्युअर मोड लावा. ते अडलेला भाग परत परत वाचतं. वेळ लागेल, लागू द्या. गाण्यांच्या सीडीत चुका दुरुस्त करायची सोय फाइलींच्या सीडीपेक्षा कमी असते, म्हणून घाईत रिप केलं तर कटकट आवाज येतात.

गिरणाकाठ | शुक्रवार, रात्री १२:४०

साडेतीन तास चाललं. नऊ गाणी स्वच्छ. सातव्यात दोन ठिकाणी कटकट, अकराव्याची शेवटची चाळीसेक सेकंद गेली, फुगा होता त्याच बाजूला. एकूण ५१६ एमबी. दोन पेन ड्राइव्ह, आत्याचा मोबाइल, माझा मोबाइल, सगळीकडे ठेवलं. आत्याने अकरावं गाणं ऐकलं आणि जिथं तुटतं तिथून पुढचं स्वतःच म्हणून पूर्ण केलं. ते मी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलंय.

पहिल्या गाण्याच्या आधी स्टुडिओवाल्याने कापायचं राहून गेलेलं आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, मग आजी कुणाला तरी विचारते, "चालू व्हयनं का रे? म्हनू का आते?"

आबा बाहेर अंगणात बसले होते, तिथून उठून आत आले.

पांझराकाठ | शुक्रवार, सकाळी ८:०५

कानबाई माय की जय. गाणी जमलं तर इथे टाका भाऊ, आमच्या आईला ऐकवायची आहेत.

गिरणाकाठ | शुक्रवार, सकाळी ८:३०

आत्याला विचारून टाकतो ताई. रोट झाल्यावर.

यावलकर_०७ | शुक्रवार, सकाळी ९:१५

आता ड्राइव्हचं काम झालंच आहे तर तो काढून त्या जागी कॅडी (ड्राइव्हच्या मापाची रिकामी चौकट) टाका, तिच्यात जुनी हार्डडिस्क बसेल. फक्त जाडी बघून घ्या, ९.५ मिलिमीटरची वेगळी, १२.७ ची वेगळी. या वेळी अनुभव पक्का आहे.

जामनेर_रोड | शुक्रवार, दुपारी ४:४५

कॅडीचा विषय निघाला म्हणून विचारतो. मी कॅडी टाकली तेव्हापासून उबंटू चालू व्हायला दीड मिनिट लागतो. काळ्या पडद्यावर 'एटीए२, कॉमरिसेट फेल्ड' असं तीन-चारदा येतं. कॅडीच्या जोडाशेजारी एक बारकी सरकपट्टी आहे, तिचं काय करायचं?

जंक्शनवाला | शुक्रवार, संध्याकाळी ५:१०

ती पट्टी एका बाजूला सरकवून बघा, नाहीतर दुसऱ्या. तिथंही नाही झालं तर नवीन धागा काढा, आणि पहिल्याच पोस्टमध्ये लिहा की लॅपटॉप कुणी उघडला होता.